विचारा तर खरं : लांब पल्ल्याच्या रॅलीची गाडी, १/२४ मापात

या महिन्याच्या टपालात गाड्यांच्या मॉडेलवरचे प्रश्न बरेच आले, आणि बहुतेक सगळे एकाच वळणाचे: साध्या किटची किंवा खेळण्यातल्या गाडीची लांब पल्ल्याच्या रॅलीतली गाडी कशी करायची? म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे मापं १/२४ साठी आहेत, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं. तुमचं मॉडेल १/४३ असेल तर आमचा मिलिमीटरचा आकडा ०.५६ ने गुणा.

प्रश्न : माझ्याकडे १/२४ मापाचं एका साध्या सेडानचं किट आहे. ती १९६८ च्या लंडन-सिडनी रॅलीतल्या गाडीसारखी करायची आहे. सुरुवात कुठून करू? (सिडको)

उत्तर : आधी रस्ता बघा, गाडी नंतर. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. युरोप ओलांडून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, मग दिल्लीवरून मुंबई. मुंबईहून निघणाऱ्या 'चुसान' जहाजावर पहिल्या ७० गाड्यांपुरतीच जागा होती. जहाज ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला लागलं, पर्थहून शर्यत पुन्हा सुरू झाली आणि १७ डिसेंबरला सिडनीत संपली. जिंकली हिलमन हंटर, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडात लोक ऑफिसला न्यायचे तसली गाडी. आत तिघं होते: अँड्र्यू कोवन, कॉलिन माल्किन आणि ब्रायन कॉइल. तेव्हा साधी सेडान घेतलीत म्हणून मन खट्टू करू नका. या रॅलीला तीच शोभते.

मॉडेलवर काय लागेल ते हा मार्गच सांगतो. रात्री थांबायचं नाही, म्हणून पुढे जादा दिवे. ऑस्ट्रेलियात अंधारात कांगारू आडवा येतो, म्हणून नळ्यांचा गार्ड. काबूल ते सरोबी हा लाताबंद खिंडीतला रस्ता दगडधोंड्यांचा, म्हणून चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली, जाड पत्रा. माणसं तीन, म्हणून मागच्या सीटवर एकाची झोपायची सोय: उशी, चुरगळलेली घोंगडी, थर्मास. ही शेवटची गोष्ट बहुतेकांची राहून जाते. मागे नुसता रोल केज (गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा) आणि मोकळी जागा दिसली की गाडी अर्ध्या दिवसाच्या स्पर्धेतली वाटते. फुगवलेले मडगार्ड, मागचा पंख, टपावर वाळूत रुतलेल्या चाकांखाली घालायच्या पट्ट्या हे काहीच नको. ते सामान पॅरिस-डाकारचं, आणि ती रॅली पहिल्यांदा सुटली २६ डिसेंबर १९७८ ला.

आता उंची. खऱ्या गाडीत ५ सें.मी. उचल म्हणजे मॉडेलवर २.१ मि.मी. पुढच्या स्प्रिंगखाली स्टायरिनची (किट ज्या प्लास्टिकचं असतं त्याची) २ मि.मी. चकती घाला, मागे दीडच. जादा पेट्रोल, हत्यारं आणि दोन स्टेपन्या यांचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे भरलेली गाडी मागून जराशी बसलेली असते. गोंद ओला असतानाच गाडी जाड काचेच्या तुकड्यावर ठेवून चारही चाकं टेकतात का बघा. एखादं चाक अधांतरी असेल तर मागचा अॅक्सल तेव्हाच हलवून घ्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर तोडण्याशिवाय इलाज नाही.

टायर अरुंद आणि उंच हवं. १३ इंची रिम मॉडेलवर १३.८ मि.मी. येते आणि १६५ चं टायर जेमतेम ७ मि.मी. रुंद. किटमधल्या नव्या धाटणीच्या गाडीची रुंद, चपटी टायरं लावलीत तर बाकी कितीही बारकाईने केलेलं काम वाया जातं. नव्या टायरची चकाकी घालवायला त्याचा घेर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-तीन फेरे फिरवा.

प्रश्न : पुढच्या गार्डसाठी आणि रोल केजसाठी प्लास्टिकच्या सळ्या वापरतो, पण वळणावर पांढऱ्या पडून मोडतात. लेथवर काम करतो, धातूचं काम येतं. कोणती तार घेऊ? (सातपूर)

उत्तर : स्टायरिन गार असताना झटकन वाकवलं की बाहेरच्या बाजूला ताण येतो, तिथे ते पांढरं पडतं आणि तिथेच तुटतं. गरम पाण्यात बुडवून सावकाश वाकवता येतं, पण तुम्हाला धातूकाम येतं तर तांबंच घ्या.

घराच्या वायरिंगची अडीच चौरस मि.मी. वायर आणा, मात्र एकाच ठोस तारेची. दुकानात हल्ली बहुतेक अनेक बारीक तारांची पुढे करतात, ती नको. अडीचच्या ठोस तारेचा व्यास १.७८ मि.मी. भरतो, म्हणजे खऱ्या गाडीत ४३ मि.मी. नळी. दीड चौरस मि.मी.च्या तारेचा १.३८, म्हणजे ३३ मि.मी. केजची मुख्य कमान आणि गार्डची चौकट अडीचची, आडवे-तिरके टेकू दीडचे. दोन जाडीच्या नळ्या दिसल्या की मॉडेल लगेच खरं वाटायला लागतं.

वेटोळ्यातून काढलेली तार हाताने कधी सरळ होत नाही. एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं पकडीत, आणि दमाने ओढा. एका क्षणी तार किंचित सुटल्यासारखी हाताला जाणवते. मीटरभर तारेत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वाढ झाली की थांबा. तार ओळंब्यासारखी सरळ होते, शिवाय थोडी ताठही होते. मऊ तांब्याचा गार्ड बोट लागताच वाकडा होतो, म्हणून हा ताठपणा हवाच. राहिलेला बारीक बाक दोन गुळगुळीत फरशांमध्ये तार लाटून काढा.

वाकवताना तार १० मि.मी. ड्रिलच्या गुळगुळीत दांड्याभोवती फिरवा. आतली त्रिज्या ५ मि.मी. येते, नळीच्या व्यासाच्या जवळजवळ तिप्पट. खऱ्या नळीचं वळण साधारण असंच दिसतं. सगळी वळणं एकाच दांड्यावर घ्या. नुसत्या पकडीने वाकवलं तर कोपरा टोकदार येतो आणि तारेवर दात उमटतात. तांबं थोडं मागे फिरतं, म्हणून ९० अंश हवे असतील तर ९३-९४ पर्यंत न्या आणि पुठ्ठ्याच्या साच्यावर ठेवून तपासा. केजसाठी हा साचा आधी गाडीत बसवून बघा, टप लागतो की नाही ते तिथेच कळतं. केज बसतो, पण टप लावला की वर अडकतो, हे रडगाणं जवळपास प्रत्येक पहिल्या केजचं असतं.

सांधा करताना आडव्या तारेच्या टोकाला गोल सुई कानसीने खोबण पाडा, म्हणजे ते उभ्या तारेला बिलगून बसेल. सगळे भाग प्लायवूडच्या तुकड्यावर मास्किंग टेपने पक्के करा आणि ३५ वॉटच्या सोल्डर गनने झाळा. शेजारचा आधीचा सांधा वितळू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. गाडीवर ठेवून झाळू नका, प्लास्टिक बसेल. उरलेलं सोल्डर कानसून घ्या, फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावतात ते द्रव्य) पूर्ण धुऊन काढा आणि चिंचेच्या कोळाने घासून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर मारा. फ्लक्स राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत रंगाखालून हिरवं फुटतं.

गार्ड बंपरला चिकटवू नका. खऱ्या गाडीत तो चेसिसला बोल्टने बसतो. बंपरखाली १ मि.मी. भोकं पाडा, गार्डच्या मागच्या टोकांना बारीक खिळी सोडा आणि तिथे बसवा. चेंबर गार्डचा ६ मि.मी. पत्रा मॉडेलवर पाव मिलिमीटर होतो. त्यासाठी ०.२५ ची स्टायरिन शीट घ्या, पुढची कड वर वळवा आणि तळाला लांबीच्या दिशेने ओरखडे पाडा, आडवे नाही.

प्रश्न : जादा दिव्यांच्या जागी घागऱ्याच्या आभल्याचे गोल आरसे लावले. चमकतात छान, पण दिवे वाटत नाहीत. (नाशिकरोड)

उत्तर : आरसा सपाट असतो आणि दिव्याच्या आत वाटी असते. डोळ्याला ती खोली हवी असते.

मोठ्या रॅली दिव्याचा व्यास २०-२२ सें.मी., म्हणजे मॉडेलवर साडेआठ-नऊ मि.मी. स्केचपेनच्या टोपणाचा व्यास व्हर्निअरने मोजून जुळणारं टोपण निवडा आणि त्याची ३ मि.मी. रुंद कडी कापा. गोळ्यांच्या पाकिटामागची अॅल्युमिनियमची चमकती पन्नी गोल कापा, खोडरबरवर ठेवा आणि सायकलच्या हबमधला पाव इंची छर्रा दाबून गोल फिरवा. झाली वाटी. काचेसाठी त्याच पाकिटाची पुढची बाजू घ्या. गोल गोळीचा पारदर्शक फुगा बहुतेक वेळा ८-९ मि.मी. असतो आणि वर थोडा फुगीरही. त्याच्या आतून सुईने उभ्या बारीक रेघा ओढा.

हा फुगा फेविक्विकने चिकटवला तर वाफेने पांढरा धुरकट होतो. फेविकोल लावा. पिवळे फॉग दिवे हवे असतील तर काचेवर रंगकामासाठी मिळणारा पारदर्शक पिवळा ग्लास कलर आतून एकदा फिरवा. दगडांनी काच फुटू नये म्हणून दिव्यांवर दिवसा झाकणं असतात किंवा टेपची फुली मारलेली असते. चारपैकी दोन दिवे झाकलेले ठेवले तर तेवढं कामही वाचतं.

प्रश्न : जुलैमध्ये गाडीला लाल रंगाचा स्प्रे मारला. सुकल्यावर वर दुधासारखी पांढरी साय आली. कॅन खराब होता का? (गंगापूर रोड)

उत्तर : कॅन बहुधा ठीक आहे, हवा दमट होती. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. ती रंगात अडकली की पांढरेपणा दिसतो. नाशकात जून ते सप्टेंबर हे चालायचंच. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि काटा ७० टक्क्यांवर असेल तर लॅकरच्या कॅनला हात लावू नका. पावसाळ्यातही दुपारी दोन ते चारच्या आसपास हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, एखादा उघडीपीचा दिवस धरा. मारण्याआधी गाडी हेअर ड्रायरने लांबून कोमट करा, आणि कॅन हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही. अंतर २० ते २५ सें.मी., हात गाडीच्या आधी सुरू आणि गाडीच्या पुढे बंद.

आताची साय घालवायला रंग आठवडाभर वाळू द्या. मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात हलकेच घासा आणि रबिंग कंपाउंड लावा. साय वरवरची असेल तर निघते. खोलवर असेल तर पुन्हा एक पातळ हात द्यावा लागेल, या वेळी पेंटच्या दुकानातून रिटार्डर थिनर आणून. ते सावकाश उडतं.

गॅरेजमधला ड्यूको थेट प्लास्टिकवर मारायचा मोह होतो, कारण हवी ती छटा तिथे मिसळून मिळते. त्याचं थिनर उघडं स्टायरिन खातं आणि पृष्ठभाग कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो. आधी प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस, आणि पहिला प्रयोग किटच्या फ्रेमच्या तुकड्यावर.

प्रश्न : श्रीखंडाच्या डब्याच्या प्लास्टिकचा चेंबर गार्ड केला. किटचा गोंद लावला, पण दुसऱ्या दिवशी अलगद सुटून आला. मी नववीत आहे, स्टायरिन शीट महाग पडते. (इंदिरानगर)

उत्तर : डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, तो बघ. ५ असेल तर ते पॉलीप्रॉपिलीन. किटचा गोंद प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो, आणि हे प्लास्टिक त्यात विरघळतच नाही. ६ असेल तर पॉलीस्टायरिन, म्हणजे तुझ्या किटचंच प्लास्टिक. दह्याचे आणि आइस्क्रीमचे काही कप ६ चे असतात, ते धुऊन जपून ठेव. पाटीवाले वापरतात तो सनबोर्ड हे फुगवलेलं पीव्हीसी आहे. तो कापायला सोपा, पण किटच्या गोंदाने नीट धरत नाही, त्याला फेविक्विक लागतं. जाड कामाला चालेल, बारीक कडा त्यात येत नाहीत. गोंद लावताना खिडकी उघडी ठेव.

प्रश्न : गाडीवर धूळ दाखवण्यासाठी गोदाकाठची वाळू चाळून लावली, वरून वार्निश मारलं. गाडी खडीच्या ढिगातून निघाल्यासारखी दिसते. (पंचवटी)

उत्तर : हिशेब करून बघा. चहाच्या गाळणीतून पडणारा कण ०.३ मि.मी.चा धरला तरी १/२४ मध्ये तो ७ मि.मी.चा खडा झाला. मॉडेलवरच्या धुळीचा कण नुसत्या डोळ्यांना दिसताच कामा नये. वाळू कितीही चाळा, ती धूळ होत नाही.

ज्या पुड्या लागतात त्या रविवार कारंज्याच्या आसपास पूजेच्या आणि किराणा दुकानांत मिळतात, स्वस्तात. मुलतानी माती वाळवंटासाठी, शाडू अफगाणिस्तान-इराणच्या करड्या-पांढऱ्या धुळीसाठी, गेरू आफ्रिकेच्या तांबड्या रस्त्यांसाठी. सफारी रॅलीची गाडी करत असाल, समजा जोगिंदर सिंग यांनी १९७४ ला जिंकलेली मित्सुबिशी लान्सर, तर गेरूशिवाय गत्यंतर नाही. केनियात त्या तांबड्या रस्त्याच्या मातीला 'मरम' म्हणतात; आपल्याकडचा माणूस तिथे गेला तर त्याला शब्द शिकावा लागणार नाही. गेरू मात्र फार तिखट रंगाचा. एक चमचा गेरूला सहा चमचे मुलतानी माती घ्या, नाहीतर गाडी गणपतीच्या मखरासारखी दिसेल. रांगोळी नको, तिचे कण मोठे असतात आणि उजेडात चमकतात. शाळेच्या दुकानातले ऑइल पेस्टलही नकोत, त्यांची पूड होत नाही, लोणी होतं.

नाशिकची काळी माती धूळ म्हणून चालत नाही, फार गडद आहे. पण तळपाटावर (मॉडेल ज्यावर बसवतात त्या पाटावर) वाळलेला चिखल दाखवायचा असेल तर तिच्यासारखी तीच. वाळताना ती आकसते आणि हुबेहूब भेगा पडतात. आधी तव्यावर भाजून घ्या. त्यात पाला-मुळं असतात, तशीच लावली तर पावसाळ्यात बुरशी धरते. फेविकोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्यात कालवा आणि थर २ मि.मी.च्या आत ठेवा. जाड झाला तर भेगांसकट पापुद्राच उचलून येतो.

लावायची रीत अशी. आधी गाडीवर मॅट वार्निशचा हात, कारण चकचकीत रंगावर पूड धरत नाही. पुढच्या काचेवर वायपर फिरतात तेवढा भाग मास्किंग टेपने झाका: वायपरचं पातं १६-१७ मि.मी., दोन कमानी, एकमेकींवर थोड्या चढलेल्या. मग मऊ कोरड्या ब्रशने पूड. सगळीकडे सारखी लावू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथे ओढली जाते. म्हणून डिकी आणि मागची काच सगळ्यात जास्त माखते. त्या खालोखाल चाकांच्या मागे दारांचा खालचा भाग. बॉनेटवर धूळ कमी, पण दगडांचे टिपके आणि मेलेले किडे. पेट्रोलच्या टोपणाखाली सांडलेल्या थेंबांवर धूळ गडद चिकटते. दाराच्या मुठीभोवती हात लागून स्वच्छ. नंबर आणि दिवे प्रत्येक थांब्यावर पुसलेले असतात, ते अर्धवट पुसून दाखवा, फडका फिरल्याच्या खुणा राहू द्या. टेप शेवटी काढली की स्वच्छ कमानी उघड्या पडतात, आणि पूर्ण मॉडेलमध्ये लोक सगळ्यात आधी बघतात ते हेच.

पूड बसवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा लांबून फवारा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असू शकतं आणि गाडी कायमची चिकट राहते. वरून वार्निश मारलं तर पूड निम्म्याहून जास्त 'गायब' होते: कणांमधल्या हवेची जागा वार्निश घेतं आणि माती पारदर्शक होते. शोकेसमध्ये ठेवायचं मॉडेल असेल तर वार्निश नकोच, तळपाटाला धरून उचला.

प्रश्न : दारावरचे नंबर घरच्या प्रिंटरवर डिकॅल पेपरवर (पाण्यात भिजवून चित्र सरकवून चिकटवायच्या कागदावर) छापले. पाण्यात टाकताच शाई पसरली. दुसऱ्या खेपेला टिकली, पण लाल गाडीवर पांढरा गोल दिसेचना. (अशोक स्तंभ)

उत्तर : इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. छापल्यावर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास, मग रात्रभर वाळवा. झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर छापून घेतलं तर ही कटकट नाही. पांढरा रंग मात्र कोणताच साधा प्रिंटर छापत नाही, तो कागदाचा पांढरेपणा असतो. तेव्हा पांढरा गोल रंगवूनच घ्या: साधारण ५० सें.मी.चा गोल म्हणजे २१ मि.मी. कंपासला पातं बांधून मास्किंग टेपवर कापा, पांढरा मारा आणि त्यावर नुसता काळा आकडा डिकॅलने. पुढची-मागची रॅली प्लेट ४३ बाय २१.५ सें.मी., म्हणजे १८ बाय ९ मि.मी.

डिकॅलखाली चंदेरी झाक येते ती अडकलेली हवा. मॅट रंगावर चिकटवलं की येणारच. क्रम लक्षात ठेवा: चकचकीत थर, डिकॅल, मॅट थर, मग धूळ. दाराच्या फटीवरून डिकॅल जात असेल तर सुकल्यावर नव्या पात्याने फटीत कापा आणि पांढऱ्या व्हिनेगरचं बोट लावा, ते मऊ होऊन आत बसतं.

प्रश्न : अॅम्बॅसेडरची रॅली गाडी करायची आहे. किट मिळत नाही, खेळण्यातली चावीची गाडी आहे. तिचं माप कसं ठरवू? (ओझर)

उत्तर : खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. खऱ्या अॅम्बॅसेडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर २४६४ मि.मी. तुमच्या गाडीवर ते मोजा आणि भागा. ६८ आलं तर माप १/३६. मग लांबी तपासा, खरी ४३२५ मि.मी. आहे, म्हणजे १/३६ ला १२० मि.मी. हवी. दोन्हींचा मेळ बसला नाही तर खेळणंच बेढब आहे, दुसरं बघा.

खेळण्यांत बहुतेक चाकं लहान असतात. १५ इंची रिम १/३६ ला साडेदहा मि.मी. आणि टायरचा बाहेरचा व्यास १८ च्या आसपास. चाकं बदलली की निम्मं काम झालं, कारण अॅम्बॅसेडर मुळातच उंच गाडी. तिला वर उचलायची फारशी गरज नाही. चावीचं यंत्र काढून टाका, तळ हलका होतो आणि आतल्या सीटला जागा मिळते. या गाड्यांचं प्लास्टिक बहुधा एबीएस असतं. किटचा गोंद त्याला कमजोर पडतो, फेविक्विक वापरा, आणि काचांपासून लांब. जाड काचा फेकून पारदर्शक पॅकिंगच्या पातळ प्लास्टिकच्या कापा.

अशी गाडी अमुक रॅलीत अमुक नंबरने धावली असं तळपाटावर लिहू नका. 'कल्पित' एवढाच शब्द घाला. जाणकार त्याने नाराज होत नाहीत, खोट्या नंबराने होतात.

प्रश्न : वर्षभर कपाटात ठेवलेल्या मॉडेलची टायरं रिममध्ये वितळून चिकटली. ऊन लागलं नव्हतं. (सिन्नर)

उत्तर : उन्हाचा संबंध नाही. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि स्टायरिनला विरघळवतं. पुढच्या वेळी रिमवर चॉकलेटच्या चांदीचा एक पातळ वेढा घालून मग टायर चढवा. डब्यात ठेवतानाही टायर काचेच्या भागांना टेकू देऊ नका.

प्रश्न : पेट्रोलचे कॅन विकत मिळत नाहीत. घरी कसे करू, आणि टपावर किती ठेवू? (द्वारका)

उत्तर : वीस लिटरचा कॅन ४७ बाय ३४.५ बाय १६.५ सें.मी., मॉडेलवर १९.६ बाय १४.४ बाय ६.९ मि.मी. स्टायरिनचे दोन-दोन मि.मी.चे तीन थर चिकटवा, बाहेरून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मि.मी.चा थर, कोपरे कानशीने गोल. बाजूची फुली खोलगट हवी, म्हणून ती बाहेरच्या अर्ध्या मि.मी.च्या थरातच आधी कोरून घ्या. वर तीन मुठी शेजारी शेजारी, बारीक तारेच्या. एक नीट जमला की सिलिकॉनचा साचा करून बाकीचे रेझिनमध्ये ओता.

टपावर एकही ठेवू नका. भरलेला कॅन वीस किलोच्या आसपास जातो, आणि एवढं वजन टपावर ठेवून घाटातल्या वळणावर कोणी गाडी घालणार नाही. टपावर हलकं सामान: ताडपत्री, फार तर एक स्टेपनी. कॅन डिकीत, मागच्या सीटला टेकून, झाकण उघडं ठेवलंत तर दिसतात. बांधायला मास्किंग टेपची १ मि.मी. पट्टी, म्हणजे खरा २४ मि.मी.चा पट्टा. पट्टा कॅनच्या कडेवर दाबून बसवा, मधे झोळ राहू देऊ नका. बकलसाठी वहीच्या पिनेचा तुकडा चौकोनी वाकवला की पुरे.